पडलेलं लाकूड लगेच चुलीत घालू नका ओ

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं ज्यांची शेतं रानाला लागून आहेत त्यांच्यासाठी सांगतोय. पावसाळ्यात बांधावर झाड पडलं की आपण दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड घेऊन हजर, पण एखादा जाडजूड ओंडका तरी तसाच सोडा की, सालीसकट, सावलीत, मातीला टेकून. बारीक फांद्या न्या हवं तर, त्या तशाबी लवकर कुजतात. जाड लाकूड स्पंजासारखं पाणी धरतं, मार्च-एप्रिलला आजूबाजूची माती भाजून निघते तेव्हा त्याच्याखाली बघा, ओल असते, गोम, पैसा किडा, भुंगेऱ्यांच्या अळ्या, कधी बेडूक. वाळवी आणि अळंबी मिळून ते हळूहळू माती करून टाकतात, फुकटचं खत.

उभं वाळलेलं झाडबी घरावर, रस्त्यावर पडायची भीती नसली तर राहू दे. सुतारपक्षी त्यात भोक पाडतो आणि त्यानं सोडलेल्या ढोलीत पुढं पोपट, साळुंक्या येतात.

फक्त काजूचं झाड खोडकिड्यानं मेलं असेल तर ते मुळासकट काढून जाळाच, नाहीतर शेजारची झाडं जातील, तिथं दयामाया नको.

आणि ओंडका घराच्या भिंतीला लावून ठेवू नका, वाळवी. उचलून बघायचं असेल तर पलीकडची कड आपल्याकडं ओढून उचला, म्हणजे खाली साप असला तर तो पलीकडं पळतो, तुमच्या पायावर येत नाही. बघून झालं की होता तसा परत ठेवा. भीमगड अभयारण्यातलं लाकूड तर आणायचंच नाही, तो गुन्हा आहे.