कुलवृत्तांत बघायला जाताय? आधी आजीला फोन करा
बडोद्यात असाल आणि घराण्याची माहिती काढायची असेल तर मांडवीची सेंट्रल लायब्ररी, सयाजीरावांनी १९१० साली सुरू केलेली, तिथे जाऊन मराठीतले कुलवृत्तांत, म्हणजे एकेका घराण्याच्या वंशावळीची पुस्तकं, मागा, पण नुसतं आडनाव सांगून भागत नाही हो. गोत्र, कुलदैवत, मूळ गाव हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून कागदावर लिहून न्या, कारण एकाच आडनावाची चार वेगळी घराणी निघतात, आणि कोणी गावावरून आडनाव बदललेलं पण असतं. मी पणजोबांना शोधण्यात दोन तास घालवले, शेवटी सापडले ते दत्तक गेलेल्या घरच्या शाखेत! सुनांची माहेरची नावं दिसली तर तीही उतरवा, पुढचा धागा तिथूनच लागतो. आणि पान नंबरासोबत पुस्तकाचं साल लिहायला विसरू नका, मी विसरलो, परत हेलपाटा.