सिडनी ते ब्रोकन हिल : कॅरॅव्हॅन घेऊन आउटबॅकच्या गावांतून जाताना

सिडनीपासून आउटबॅकमधल्या, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या विरळ वस्तीच्या अंतर्भागातल्या, ब्रोकन हिल या शहरापर्यंतचे अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून निघून नागपूर ओलांडून रायपूर गाठण्याइतके. सिडनी-मेलबर्नमध्ये स्थायिक झालेली मराठी कुटुंबे हे अंतर ऐकून दोन दिवसांचा बेत आखतात. नुसत्या मोटारीने तो कसाबसा पारही पडतो. मागे दोन टन वजनाचे चाकांवरचे घर, म्हणजे कॅरॅव्हॅन, जोडलेले असेल तर मात्र हिशेब बदलतो. या प्रवासाचा सगळा आराखडा एकाच नियमावर बेतावा, असे माझे ठाम मत आहे : दुपारी चारच्या आत मुक्कामाला पोहोचायचे. दिवसाचे अंतर, इंधन, स्वयंपाक, गावातली खरेदी या सर्व गोष्टी या एका नियमाच्या मागोमाग आपोआप ठरत जातात.

चार वाजण्याचे कारण मुख्यतः कांगारू आहेत. पहाटे आणि तिन्हीसांजेला ते रस्त्याच्या कडेच्या गवतावर चरायला येतात आणि दिव्यांच्या झोताने बिथरून नेमकी गाडीसमोर उडी घेतात. जनावर आडवे आले तर सरळ रेषेत ब्रेक दाबावा, स्टिअरिंग झटक्याने वळवू नये, कारण कॅरॅव्हॅन जोडलेली गाडी अशा झटक्याने उलटते आणि ते त्या धडकेपेक्षा भयंकर असते. भाड्याने घेतलेल्या वाहनाच्या करारात सूर्यास्तानंतर गावाबाहेर गाडी चालवण्यास, तसेच कच्च्या रस्त्यावर जाण्यास मनाई असू शकते. तसे असेल तर अशा वेळी झालेल्या नुकसानीला विमा लागू होत नाही, म्हणून करार सही करण्यापूर्वी वाचावा.

ऋतू निवडताना एप्रिल ते सप्टेंबर हा काळ धरावा. डिसेंबर-जानेवारीत पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या भिंतींचे ते घर भट्टीसारखे तापते. उलट जून-जुलैत दिवस सुखद असले तरी रात्री तापमान शून्याच्या आसपास उतरते, हे महाराष्ट्रातून पाहुणे म्हणून येणाऱ्या आई-वडिलांना आधीच सांगून ठेवावे. ऑगस्टमध्ये ब्रोकन हिलजवळच्या मुंडी मुंडी माळावर मोठा संगीत महोत्सव भरतो; त्या आठवड्यात आजूबाजूच्या गावांत जागा मिळणे कठीण असते.

वजनाचा हिशेब

कॅरॅव्हॅन चालवणे म्हणजे वजन सांभाळणे होय, आणि नवखे लोक चुकतात ते नेमके इथेच. प्रत्येक कॅरॅव्हॅनवर एक पट्टी ठोकलेली असते. तिच्यावर रिकामे वजन आणि भरल्यानंतरचे कमाल अनुज्ञेय वजन असे दोन आकडे असतात. दोहोंतला फरक म्हणजे आपल्याला नेता येईल ते सामान. समजा हा फरक ४०० किलोंचा आहे. पाण्याच्या ८० लिटरच्या दोन टाक्या भरल्या की त्यातले १६० किलो संपले. नऊ किलो गॅसच्या दोन बाटल्या त्यांच्या नळकांड्यांच्या वजनासह पस्तीसेक किलो होतात. बाहेरचा तंबू, खुर्च्या, अवजारे, अंथरुणे आणि दोन आठवड्यांचा शिधा धरला की मर्यादा कधी ओलांडली हे कळतही नाही. म्हणून सामान भरून झाल्यावर सार्वजनिक वजनकाट्यावर एकदा गाडी नेऊन खात्री करून घ्यावी. मोटारीची ओढण्याची क्षमता आणि मोटार व कॅरॅव्हॅन मिळूनची कमाल मर्यादा हे आकडे वेगळे असतात, तेही तपासावेत.

वजन किती यापेक्षा ते कुठे हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. जड वस्तू तळाशी आणि चाकांच्या अॅक्सलच्या वर ठेवाव्यात. डाळ-तांदळाचे डबे, प्रेशर कुकर आणि तवे वरच्या कपाटांत भरू नयेत. टो-बॉलवर, म्हणजे कॅरॅव्हॅन जोडण्याच्या मोटारीमागच्या गोळ्यावर, पडणारा भार एकूण वजनाच्या साधारण दहा टक्के असावा. मागचा भाग जड झाला की वेग वाढताच कॅरॅव्हॅन शेपटीसारखी डोलू लागते. ती डोलू लागल्यास मोटारीचा ब्रेक दाबण्याचा मोह टाळावा, अॅक्सलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि चालकाजवळच्या नियंत्रकाने फक्त कॅरॅव्हॅनचे ब्रेक हाताने लावावेत, म्हणजे मागचे ओझे ताणले जाऊन सरळ रेषेत येते. हा नियंत्रक कुठे आहे, हे निघण्यापूर्वी चाचपून पाहावे. त्या क्षणी शोधायला वेळ मिळत नाही.

ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलरला ब्रेक असणे आणि दोन टनांच्या वर सर्व चाकांना ब्रेक असून जोड तुटल्यास ते आपोआप लागण्याची सोय असणे बंधनकारक आहे. चालत्या कॅरॅव्हॅनमध्ये माणसांनी बसणे बेकायदा आहे. मुलांनी कितीही हट्ट केला तरी ऐकू नये. न्यू साउथ वेल्समध्ये जोडगाडीची एकत्रित मर्यादा साडेचार टनांच्या वर असेल, तर पाटीवर ११० लिहिलेले असले तरी आपल्यासाठी कमाल वेग १०० च राहतो. खरे तर ९० च्या वर जाण्याचे काही कारणच नसते, कारण त्यापुढे इंधन पाण्यासारखे जाते. एकटी असताना शंभर किलोमीटरला दहा लिटर पिणारी मोटार कॅरॅव्हॅन ओढताना पंधरा-सोळा लिटर सहज पिते, आणि पश्चिमेचा वारा समोरून आला तर त्याहूनही अधिक.

टप्पे

पहिल्या दिवशी ब्लू माउंटन्स ओलांडून बाथर्स्टपर्यंतचे सुमारे २०० किलोमीटर पुरेसे आहेत. घाटाचा आपला जुना नियम इथेही लागू पडतो : ज्या गिअरमध्ये चढ चढाल त्याच गिअरमध्ये उतार उतरा. दुसऱ्या दिवशी डबो. इथे मोठी दुकाने आहेत, टायर आणि ब्रेक दाखवायला गॅरेज आहेत, आणि टारोंगाचे विस्तीर्ण प्राणिसंग्रहालय असल्यामुळे मुलांसाठी एक दिवस राखून ठेवावा. शिधा भरून घेण्याची ही शेवटची स्वस्त जागा असली तरी भाजी आणि पाव मात्र पुढच्या लहान गावांतूनच घ्यावा, असे मी आवर्जून सांगेन. ही गावे येणाऱ्या-जाणाऱ्यांवर काही अंशी तगून असतात, आणि गावातल्या पाण्याचा नळ नि मैदान फुकट वापरून तिथे एक डॉलरही न खर्चणारे प्रवासी तिथल्या लोकांच्या चांगले लक्षात राहतात.

डबोनंतर देश सपाट होत जातो. १६५ किलोमीटरवर बोगन नदीकाठचे निंगन लागते; १९९० च्या एप्रिलमध्ये आलेल्या पुरात या सगळ्या गावाला हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले होते. इथून बॅरिअर महामार्ग सुरू होतो आणि आणखी १३० किलोमीटरवर तांब्याच्या खाणीचे कोबार येते. कोबारमध्ये दोन रात्री राहावे. फोर्ट बर्क टेकडीवरून खाणीचा खोल खड्डा दिसतो, आणि पश्चिमेला माउंट ग्रेनफेल येथे न्गियाम्पा या आदिवासी लोकांची खडकांवरील चित्रे आहेत. तिथे जाणारा शेवटचा पट्टा कच्चा असल्याने कॅरॅव्हॅन मुक्कामाच्या जागीच ठेवून एकट्या मोटारीने जावे.

कोबार ते विल्कॅनिया हा सुमारे २६० किलोमीटरचा टप्पा या प्रवासातला सर्वांत निर्जन आहे. टाकी अर्धी झाली की भरायची, हा नियम इथे अपवादाशिवाय पाळावा. वाटेत एखादा रोडहाउस, म्हणजे इंधन आणि खाणे मिळणारा थांबा, आहे, पण तो त्या दिवशी उघडा आहे का हे निघण्यापूर्वी फोन करून विचारावे. दरडोई दररोज दहा लिटर पाणी सोबत ठेवावे आणि त्यातले निम्मे तरी टाकीत न ठेवता सुट्या कॅनमध्ये ठेवावे, कारण टाकीला तडा गेला तर सगळेच वाहून जाते. गाडी बंद पडल्यास गाडी सोडून चालत निघू नये. निर्जन प्रदेशात चालणारा माणूस शोधणे अवघड असते आणि पांढरी कॅरॅव्हॅन विमानातूनही दिसते.

मोबाइलचे नेटवर्क गावाबाहेर काही किलोमीटरवर संपते. आउटबॅकमध्ये टेल्स्ट्रा या मोबाइल कंपनीचे जाळे तुलनेने दूरवर पोहोचते, म्हणून त्यांचे एक प्रीपेड सिम जवळ ठेवावे, नकाशे आधीच उतरवून घ्यावेत आणि छापील नकाशाही बाळगावा. आणीबाणीचा क्रमांक ०००. नेटवर्कच नसेल तर उपग्रहाला संकेत पाठवणारा वैयक्तिक बीकन कामी येतो. त्याची नोंदणी ऑस्ट्रेलियाच्या सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे विनामूल्य होते. गाडीत यूएचएफ रेडिओही असावा : महामार्गावर ४० व्या वाहिनीवर ट्रकचालक बोलतात, कॅरॅव्हॅनवाले १८ वी वापरतात आणि ५ वी आणीबाणीसाठी राखीव आहे.

हा रेडिओ सर्वाधिक उपयोगी पडतो तो रोड ट्रेनच्या बाबतीत. एका इंजिनामागे दोन ट्रेलर जोडलेले हे ट्रक या रस्त्यावर साडेछत्तीस मीटरपर्यंत लांब असतात. मागून तसा ट्रक आला तर घाबरून कडेच्या मातीत उतरू नये. वेग स्थिर ठेवावा, आपल्या मार्गिकेत राहावे, तो ओलांडू लागला की किंचित हळू व्हावे, आणि त्याचे शेपूट पुढे गेल्यावर रेडिओवरून किंवा दिवे लुकलुकवून तसे कळवावे. तो शेजारून जाताना हवेच्या झोताने कॅरॅव्हॅन आधी बाहेर ढकलली जाते व मग आत ओढली जाते. स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरले असेल तर त्याचे काही वाटत नाही. साडेसात मीटरपेक्षा लांब जोडगाडीने पुढच्या लांब वाहनापासून गावाबाहेर किमान ६० मीटर, तर रोड ट्रेनच्या घोषित प्रदेशात २०० मीटर अंतर राखावे, असा नियमच आहे. समोरून येणारा अनोळखी चालक स्टिअरिंगवरून एक बोट उचलताना दिसेल. तो नमस्कार आहे, आपणही बोट उचलावे.

विल्कॅनिया हे डार्लिंग नदीवरचे एके काळचे मोठे बंदर. लोकर वाहणाऱ्या वाफेच्या बोटी इथे लागत, आणि वालुकाश्माच्या देखण्या इमारती त्या काळाची साक्ष देत उभ्या आहेत. नदीला इथले आदिवासी बार्किंजी लोक बाका म्हणतात आणि स्वतःचे नावही तिच्यावरूनच घेतात. या गावाविषयी इतर प्रवाशांकडून बऱ्याच भीतिदायक गोष्टी कानावर येतात; मला त्या अतिशयोक्त वाटतात. थांबावे, नदीकाठी चहा घ्यावा, लोकांची छायाचित्रे मात्र न विचारता काढू नयेत. तिथून ब्रोकन हिल सुमारे १९५ किलोमीटर आहे.

मुक्कामाची रीत

कॅरॅव्हॅन पार्कमध्ये विजेची जोडणी असलेली जागा मागावी. इथली केबल पंधरा अँपिअरची असते आणि तिच्या प्लगची अर्थिंगची पट्टी रुंद असल्यामुळे ती घरातल्या साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. ती कानस लावून घासून बसवणारे महाभाग आहेत, आपण त्यांच्यात सामील होऊ नये. लहान गावांत जत्रेच्या मैदानावर, म्हणजे शोग्राउंडवर, कमी भाड्यात जागा मिळते. महामार्गालगतच्या विश्रांतिस्थळी किती तास थांबता येते हे तिथल्या पाटीवर लिहिलेले असते.

जोडणी करताना व सोडताना एकाने पाहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे : टो-बॉलचे कुलूप, एकमेकींना फुलीत ओवलेल्या सुरक्षा साखळ्या, दिव्यांची तार, वर उचललेले जॉकी व्हील (कॅरॅव्हॅनच्या पुढच्या टोकाचे आधाराचे छोटे चाक), बंद केलेली छताची खिडकी, आत ढकललेली पायरी. आमच्या पहिल्या प्रवासात गप्पांच्या नादात पायरी बाहेरच राहिली आणि फाटकाच्या खांबाने ती वाकवून ठेवली; तेव्हापासून यादी मोठ्याने वाचल्याशिवाय आम्ही इंजिन सुरू करत नाही. गॅसवर चालणारा फ्रीज निघण्यापूर्वी बंद करावा. पेट्रोल पंपावर तर त्याची ज्योत विझलेलीच हवी. संडासाची टाकी फक्त नेमून दिलेल्या डंप पॉइंटवर रिकामी करावी. नळावर पिण्याचे पाणी नसल्याची पाटी असेल तर ते पाणी विहिरीचे किंवा प्रक्रिया न केलेले असते, ते टाकीत भरू नये.

स्वयंपाकाबाबत शाकाहारी मंडळींनी गावातल्या पबवर फारशी भिस्त ठेवू नये. तिथे जेवण साधारण सहा ते आठ या वेळेतच मिळते आणि निवड मोजकी असते. बेकरीत भाज्यांची पेस्टी बहुधा मिळते. बाकी भाजणी, पिठल्याचे बेसन आणि मेतकूट यांना ना फ्रीज लागतो ना फार पाणी. शनिवारी दुपारनंतर दुकाने बंद होऊ लागतात, रविवारी बरीच बंदच असतात. कडक आगबंदीच्या दिवशी उघड्यावर शेकोटी पेटवणे गुन्हा आहे, आणि गॅसच्या शेगडीलाही अटी असतात. त्या दिवसाची बंदी सकाळीच पाहून घ्यावी. पावसानंतर कच्चे रस्ते बंद केले जातात आणि बंद रस्त्यावर गाडी घातल्यास दंड होतो.

ब्रोकन हिलमध्ये पोहोचताच घड्याळ अर्धा तास मागे घ्यावे, कारण न्यू साउथ वेल्समध्ये असूनही हे शहर दक्षिण ऑस्ट्रेलियाची वेळ पाळते. १८८३ मध्ये इथे चांदी, शिसे आणि जस्ताचा साठा सापडला आणि १८८५ मध्ये त्यातून बीएचपी ही खाणकंपनी जन्मली. इथे किमान तीन रात्री ठेवाव्यात. दुर्गम भागात विमानाने डॉक्टर पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेचा तळ पाहता येतो, सिल्व्हर्टन हे जुने खाणगाव पंचवीसेक किलोमीटरवर आहे, आणि गावाच्या उत्तर भागात उंटवाल्यांनी बांधलेली पत्र्याची छोटी मशीद आहे. त्यांना सरसकट अफगाण म्हणत, पण त्यांतले बरेच जण तेव्हाच्या हिंदुस्थानातून, बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबकडून आले होते, आणि रेल्वे पोहोचण्यापूर्वी या देशाचे सामान त्यांच्या उंटांनी वाहिले. शहराचे पाणी आज वेंटवर्थहून २७० किलोमीटरच्या नळाने येते, तेव्हा गाडी धुण्याची हौस घरी परतल्यावर भागवावी.

इथून पुढे अॅडलेडला जाणार असाल तर निघण्याच्या आदल्या रात्री फ्रीज रिकामा करावा. फळमाशीच्या भीतीने दक्षिण ऑस्ट्रेलियात ताजी फळे आणि बऱ्याच फळभाज्या नेण्यास बंदी आहे, आणि महामार्गावर ऊडला विरा येथे तपासणी नाका आहे. टोमॅटो आणि हिरव्या मिरच्याही त्यात येतात. त्या रात्री ठेचा करून टाकावा.