हिपॅटायटिस बी : वॉर्डात जाण्याआधी लस आणि टायटर कसे पूर्ण करावे

नागपुरातलं मेडिकल असो, मेयो असो, मिहानचं एम्स असो की एखादं छोटं नर्सिंग कॉलेज, प्रवेश पक्का झाला की ॲप्रन शिवायला टाकण्याआधी हिपॅटायटिस बी लसीचा पहिला डोस घ्या. तीन डोसांना सहा महिने लागतात, टायटरला, म्हणजे रक्तात लसीची प्रतिपिंडं किती तयार झाली ते मोजायला, त्यापुढे महिना-दोन महिने. एमबीबीएसवाल्यांना तेवढी सवड मिळते. नर्सिंग आणि डीएमएलटीच्या (लॅब टेक्निशियन डिप्लोमा) मुलामुलींच्या हाती सुई बरीच लवकर येते.

१. बालपणीचं लसीकरण कार्ड शोधा. सरकारी लसीकरणात ही लस देशभर २०११ मध्ये आली, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांनी ‘लहानपणी सगळं झालंय’ या घरच्यांच्या आठवणीवर विसंबू नये. कार्डावर तीन डोस असतील तर थेट टायटर करा. कार्ड नसेल तर एचबीएसएजी (विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन, म्हणजे सध्याचा संसर्ग), अँटी-एचबीएस (संरक्षण देणारी प्रतिपिंडं, यांचंच टायटर) आणि अँटी-एचबीसी (आधीच्या किंवा चालू संसर्गाची खूण) या तपासण्यांसाठी रक्त द्या आणि त्याच दिवशी पहिला डोस घ्या, रिपोर्टसाठी थांबू नका. क्रम मात्र उलटा करू नये. डोसनंतर साधारण तीन आठवडे एचबीएसएजी खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो, कारण लसीतही तेच प्रथिन असतं.

२. आज, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात, असे तीन डोस. प्रौढांसाठी प्रत्येक वेळी १ मिली, म्हणजे बहुतेक ब्रँडमध्ये २० मायक्रोग्रॅम, दंडाच्या स्नायूत. कुल्ल्यावर घेऊ नका. तिथे लस चरबीत अडकते आणि प्रतिपिंडं कमी तयार होतात. परीक्षेत एखादा डोस लांबला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नाही, राहिलेला तेवढा घ्या.

दुकानातून लस आणणार असाल तर नागपूरच्या मे महिन्याचा विचार करा. तिला २ ते ८ अंश तापमान लागतं. पण उन्हाच्या भीतीने कुपी थेट बर्फात खुपसली तर जास्त नुकसान होतं, कारण ही लस गोठली की निकामी होते. आइसपॅक कापडात गुंडाळा. किंवा सरळ जिथे लस ठेवलेली आहे तिथेच टोचून घ्या, ते सर्वांत बरं.

३. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करा. सगळ्यात जास्त हीच पायरी गाळली जाते. तीन सह्यांचं कार्ड म्हणजे लस टोचली एवढंच, ती लागू पडली की नाही ते आकडा सांगतो. रिपोर्टवर नुसतं ‘पॉझिटिव्ह’ नको, संख्या मागा. १० mIU/mL किंवा जास्त असेल तर झालं, बूस्टर नको. त्याहून कमी आल्यास पुन्हा तीन डोस आणि पुन्हा टायटर. तरीही कमीच असेल तर एचबीएसएजी तपासा, कारण संसर्ग आधीपासून असू शकतो. लस बालपणी झालेली असेल आणि टायटर कमी असेल तर आधी एकच डोस घ्या. महिन्याभराने आकडा पाहा, बहुतेकांचा तेवढ्यावर वर येतो.

४. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका, ब्लीच लावू नका. लगेच सिस्टरना किंवा कॅज्युअल्टीत सांगा. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणं फार महाग पडतं. रुग्णाचं एचबीएसएजी तपासून घ्या. तुमचं टायटर १० च्या वर नोंदलेलं असेल तर हिपॅटायटिस बीसाठी काही लागत नाही. लस झालेलीच नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) आणि लसीचा डोस दोन वेगळ्या दंडांत, शक्यतो २४ तासांत. एचआयव्ही टाळण्याचं औषध मात्र ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं. इम्युनोग्लोब्युलिन रात्री कुठे मिळतं, हे पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. सुईला टोपण परत लावायचं नाही. ती हब कटरने कापून पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यात टाका.

५. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तरी कोर्स सोडू नका. व्हायरल लोड आणि यकृताच्या तपासण्या करा. राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाच्या उपचार केंद्रांवर औषध मोफत असतं. मेसच्या ताटातून, मिठी मारण्यातून हा विषाणू पसरत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा आणि घरच्यांचीही तपासणी करून घ्या.