मेट्रो-बसचं कार्ड अधूनमधून वापरताय? या चुका टाळा

नाशिककराच्या पाकिटात मेट्रोचं कार्ड असतं ते मुंबई-पुण्यासाठी. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात आपल्या मेट्रो निओसाठी (रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोसाठी) २,०९२ कोटी रुपये जाहीर झाले, पण ती गाडी अजून नाशिकच्या रस्त्यावर धावलेली नाही. शहरात फिरायला सिटीलिंकची बस आहे, जुलै २०२१ पासून. त्यामुळे कार्ड बाहेर निघतं ते पंचवटी एक्सप्रेसने दादरला उतरल्यावर, नाहीतर पुण्याच्या गाडीतून नाशिक फाट्याला उतरल्यावर. मधले महिने ते कपाटात पडून असतं. रोज मेट्रोने जाणाऱ्याला हे कार्ड सरावाचं होतं. अधूनमधून जाणाऱ्याला मात्र ते नेमकं घाईच्या वेळी अडवतं: गेट उघडत नाही, मागे रांग खोळंबते, आणि फोनवर तर पैसे भरल्याचा मेसेज दिसत असतो.

अशा बहुतेक अडचणींचं उत्तर एकाच प्रश्नात आहे. पैसे या घडीला नेमके कुठे आहेत?

ॲपमधून पैसे भरले, म्हणजे कार्डात आले असं समजणं

ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर.

मुंबई-पुण्यात सध्या मिळणारी बरीचशी प्रवास कार्डं 'एनसीएमसी' प्रकारची आहेत. एनसीएमसी म्हणजे नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड. ४ मार्च २०१९ रोजी अहमदाबादेत त्याची सुरुवात झाली. ते रुपे कार्डावर आधारलेलं आहे आणि एकच कार्ड निरनिराळ्या शहरांतल्या मेट्रो आणि बसला चालावं, असा त्यामागचा विचार आहे.

या कार्डाच्या चिपमध्ये एक छोटं पाकीट असतं. मेट्रोचं गेट फक्त तेवढंच वाचतं. तुमच्या बँक खात्यात किती आहेत, ॲपमध्ये किती दिसतात, हे त्याला माहीत नसतं आणि ते विचारतही नाही. कारण सरळ आहे. गर्दीच्या वेळी गेटला क्षणभरात निर्णय घ्यायचा असतो. भुयारातल्या स्टेशनात किंवा धावत्या बसमध्ये नेटवर्क असेलच असं नाही. दर माणसामागे बँकेला विचारत बसलं तर रांग जिन्यापर्यंत जाईल. म्हणून भाडं चिपमधूनच कापलं जातं.

आता तुम्ही गंगापूर रोडवर घरी बसून ॲपमधून पाचशे रुपये भरले. ते कार्ड देणाऱ्या बँकेकडे किंवा कंपनीकडे जमा झाले. चिपमध्ये ते आपोआप उडून जाऊ शकत नाहीत, कारण कार्डाला ना बॅटरी आहे ना नेटवर्क. कार्ड एखाद्या मशिनला लावून ती रक्कम चिपवर उतरवून घ्यावी लागते. यालाच 'बॅलन्स अपडेट' म्हणतात. स्टेशनवरच्या मशिनवर किंवा काउंटरवर हे होतं. काही कार्डांच्या ॲपमध्ये, फोनला एनएफसी (जवळ आणलेलं कार्ड वाचण्याची सोय) असेल तर, कार्ड फोनच्या पाठीला लावूनही करता येतं.

तेव्हा ॲप पैसे दाखवतंय आणि गेट नाही म्हणतंय, असं झालं तर घाबरून पुन्हा रिचार्ज करू नका. लोक हेच करतात आणि मग दोनदा भरलेली रक्कम अडकून राहते. गेटपासून बाजूला व्हा, काउंटरवर कार्ड द्या आणि 'बॅलन्स अपडेट करून द्या' एवढंच सांगा. 'रिचार्ज करा' म्हणालात तर समोरचा तुमच्याकडून नवे पैसे घेईल. त्यात त्याची चूक नाही.

माझं स्पष्ट मत असं की, अधूनमधून जाणाऱ्याने ॲपच्या भानगडीत न पडता स्टेशनच्या काउंटरवरच पैसे भरावेत. तिथे कार्ड मशिनलाच लावलेलं असतं, त्यामुळे रक्कम तिथल्या तिथे चिपवर चढते. पावती घ्या आणि पावतीवरचा बॅलन्स वाचूनच पुढे जा.

बँकेचं डेबिट कार्ड आहे, मग वेगळे पैसे कशाला?

अनेक रुपे डेबिट कार्डांवर एनसीएमसीची सोय असते आणि ते खातेदाराला माहीतही नसतं. माहीत असलं तरी गैरसमज असतो तो असा की, खात्यात पैसे आहेत म्हणजे मेट्रोचं भाडं तिथून जाईल. जात नाही. त्या कार्डातलं प्रवासाचं पाकीट वेगळं आहे. ते बँकेकडून सुरू करून घ्यावं लागतं आणि त्यात वेगळे पैसे भरावे लागतात.

दुसरा गोंधळ खुणेचा. कार्डावर लाटांसारख्या चार कमानी दिसल्या की ते मेट्रोला चालेल असं लोक धरून चालतात. ती खूण दुकानातल्या मशिनला कार्ड नुसतं टेकवून पैसे देण्याची आहे. प्रवासासाठी एनसीएमसीचं चिन्ह वेगळं असतं, ते शोधा. ते नसेल तर मेट्रोच्या गेटशी झटापट करू नका.

एका शहराचं कार्ड सगळीकडे चालेल, किंवा कुठेच चालणार नाही, असं धरून चालणं

दोन्ही टोकं चुकीची आहेत. एनसीएमसीचं कार्ड पुण्यात घेतलं तरी मुंबईच्या मेट्रोत चालू शकतं. पण त्यावर पुण्याचा पास किंवा सवलत घेतली असेल तर ती पुण्यापुरतीच राहते. पास त्या त्या वाहतूक संस्थेच्या कप्प्यात साठवला जातो, नुसती रक्कम तेवढी सगळीकडे वापरता येते. सिटीलिंकचा पासही सिटीलिंकपुरताच. तो दाखवून पुण्यात पीएमपीच्या कंडक्टरशी वाद घालण्यात अर्थ नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांपुढच्यांना मोफत प्रवास मिळतो, तोही मेट्रोच्या गेटला लागू होत नाही.

मुंबईत मात्र जरा नीट बघावं लागतं. वर्सोवा-घाटकोपर ही पहिली मेट्रो २०१४ साली सुरू झाली, तेव्हा एनसीएमसी नव्हतंच. तिथलं त्या काळचं कार्ड तिथल्यापुरतंच आहे. तुमच्या मामेभावाने पूर्वी दिलेलं ते जुनं कार्ड असेल, तर मेट्रो ३ च्या गेटवर ते काढण्याआधी चौकशी करा.

लोकलचं तर सगळंच निराळं. स्टेशनवर आपलं आपण तिकीट काढायच्या एटीव्हीएम मशिनसाठी रेल्वेचं स्वतःचं कार्ड असतं. मेट्रोचं कार्ड लोकलच्या तिकिटासाठी धरू नका. ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रोने अंधेरी, असा बेत असेल तर लोकलचं तिकीट आधी वेगळं काढा.

आणखी एक नवा घोळ. 'मुंबई वन' नावाचं ॲप ऑक्टोबर २०२५ मध्ये आलं. त्यातून मेट्रो, लोकल, बेस्ट अशी अनेक तिकिटं काढता येतात. त्याआधीपासून मेट्रो २ए आणि ७ वर जवळपास त्याच नावाचं कार्ड मिळत आलं आहे. नाव सारखं असलं तरी ॲप म्हणजे तिकीट काढण्याची जागा आणि कार्ड म्हणजे पैसे साठवण्याची. कार्डातले पैसे ॲपमध्ये दिसतील, अशी अपेक्षा ठेवू नका.

पाकीटच गेटवर टेकवणं

पाकिटात आजकाल चार-पाच कार्डं असतात आणि त्यातली दोन-तीन टेकवून चालणारी. सगळी एकदम मशिनसमोर आली की कोणतं वाचायचं ते त्याला कळत नाही. कधी गेट नुसतंच लाल दिवा दाखवतं. म्हणून कार्ड बाहेर काढा, सपाट धरा आणि हिरवा दिवा लागेपर्यंत क्षणभर तसंच ठेवा. झटकन फिरवलेलं कार्ड वाचलं जात नाही, कारण कार्डाला चालायला लागणारी वीजच त्या मशिनच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळते आणि तिची पोच काही सेंटिमीटरच असते.

कार्डाच्या कडेने आत तांब्याची बारीक तार फिरवलेली असते. गळ्यात अडकवायला म्हणून कार्डाला भोक पाडलं की ती तार तुटते आणि कार्ड गेलं. मुलांच्या ओळखपत्राच्या सवयीने ही चूक हमखास होते. उन्हाळ्यात मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवून वाकडं झालेलं कार्डही दगा देतं. धातूच्या डबीत ठेवलं तर वापरताना बाहेर काढायचं, एवढंच.

आत जाताना टॅप झालं की नाही, हे न पाहणं

गर्दीत पुढच्या माणसाच्या मागोमाग गेटमधून शिरणं सोपं असतं. त्रास बाहेर पडताना होतो. आत आल्याची नोंदच चिपवर नसेल तर बाहेरचं गेट उघडत नाही. उलटंही होतं: मागच्या वेळी बाहेर पडताना टॅप नीट झालं नाही, गेट उघडं होतं म्हणून तुम्ही निघून आलात, आणि काही महिन्यांनी पुण्यात गेलात तर कार्ड आतच घेईना. त्याच्या लेखी तुम्ही अजून जुन्या प्रवासातच आहात.

दोन्ही वेळा उपाय एकच. गेटशी हुज्जत न घालता ग्राहक सेवा केंद्राच्या खिडकीवर जा. ते कार्ड वाचतात, अर्धवट नोंद मिटवतात आणि नियमाप्रमाणे लागेल ते भाडं कापतात. कुठून बसलात ते खरं सांगा.

मेट्रो बदलतानाही हेच लक्षात ठेवा. पुण्यात जिल्हा न्यायालय स्टेशनवर एका मार्गावरून दुसऱ्यावर जाताना बाहेर पडावं लागत नाही. मुंबईत मेट्रो १ वरून मेट्रो ७ किंवा ३ ला जायचं तर संस्था बदलते. एका ठिकाणी बाहेर टॅप, दुसऱ्या ठिकाणी आत टॅप, आणि भाडंही वेगवेगळं.

एका कार्डावर अख्खं कुटुंब

लग्नाला निघालेली पाच माणसं आणि कार्ड एक. पहिला आत गेला, मग कार्ड मागे दिलं, दुसऱ्याने टेकवलं, गेट बंद. आत गेलेलं कार्ड बाहेर आल्याशिवाय पुन्हा आत जाऊ शकत नाही. एक माणूस, एक कार्ड. घोळक्याने जाताना कार्डाचा नाद सोडा आणि काउंटरवर किंवा ॲपवर सगळ्यांची क्यूआर तिकिटं एकदम काढा. भुयारी मेट्रोत उतरायच्या आधीच काढा. खाली नेटवर्क गेलं की पैसे देताना फोन गोल गोल फिरत बसतो. तिकीट आलं की स्क्रीनशॉट घेऊन ठेवायचा आणि फोनला चार्जिंग आहे ना, ते बघायचं.

जास्त पैसे भरून ठेवणं

चिपच्या पाकिटात जास्तीत जास्त २,००० रुपये बसतात. म्हणून काही तेवढे भरायला नकोत. गेटवर पिन लागत नाही, त्यामुळे हे पैसे म्हणजे खिशातली रोकडच. कार्ड हरवलं आणि कोणाला सापडलं तर तो ते वापरू शकतो. बँकेत फोन करून कार्ड बंद केलं तरी चिपवर आधीच चढलेली रक्कम वाचेल, याची खात्री नसते.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक वाहतुकीसाठीची प्रीपेड कार्डं केवायसीशिवाय द्यायला परवानगी दिली. प्रवाशाची मोठी सोय झाली, कागदपत्रं न देता कार्ड मिळू लागलं. पण त्याची अट वाचा: अशा कार्डात, चिप आणि खातं मिळून, ३,००० रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाहीत आणि आत गेलेले पैसे रोख काढता, परत मागता किंवा दुसरीकडे पाठवता येत नाहीत. वर्षाकाठी दोन-चार फेऱ्या करणाऱ्याने त्या फेरीपुरते आणि वर थोडे, एवढेच भरावेत.

कार्ड विसरून जाणं

कार्डावर मुदतीचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं, ते निघण्याआधी बघा. केवायसी केलेल्या प्रीपेड खात्यात सलग वर्षभर काहीच व्यवहार झाला नाही, तर नोटीस देऊन ते निष्क्रिय करण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती नोटीस येते नोंदवलेल्या मोबाईलवर. आणि इथेच घरोघरी अडतं. आईवडिलांचं कार्ड मुलाच्या नंबरवर काढलेलं असतं, मुलाने नंबर बदललेला असतो, किंवा तो परदेशात असतो. नोटीस जाते भलतीकडे आणि ओटीपीही. ज्याच्या खिशात कार्ड राहणार, त्याचाच नंबर द्या, साधा फोन असला तरी चालेल.

पैसे कापले, पण कार्डात आलेच नाहीत

आधी बॅलन्स अपडेट करून बघा. तरी नसतील तर यूपीआयचा व्यवहार क्रमांक जपून ठेवा. दुकानदाराला किंवा संस्थेला यूपीआयने दिलेले पैसे कापले गेले आणि त्यांच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसापासून पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. उशीर झाला तर दर दिवशी १०० रुपये भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये केला आहे. हे बहुतेकांना ठाऊक नसतं म्हणून कोणी मागत नाही. मागा.

तक्रार करायची ती कार्डाच्या मागे ज्या बँकेचं किंवा कंपनीचं नाव आहे तिच्याकडे. स्टेशनवरचा माणूस तुमची चिप वाचू शकतो, खात्यातला व्यवहार उलटवू शकत नाही. त्याच्यावर आवाज चढवून वेळच जातो. तक्रार लेखी करा, क्रमांक घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मग कार्ड घ्यावं की नाही?

महिन्याला एखादी तरी फेरी होत असेल, उपचारासाठी वारंवार मुंबईला जावं लागत असेल, किंवा घरातल्या ज्येष्ठांना फोनवरून तिकीट काढायला जमत नसेल, तर जरूर घ्या. त्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही, सुट्ट्या पैशांची कटकट नाही. वर्षातून दोनदा लग्नकार्याला जाणाऱ्याला मात्र क्यूआर तिकीट पुरेसं आहे. आणि कार्ड असेलच, तर आदल्या रात्री बॅग भरताना ते काढा, मुदत बघा, ॲप असेल तर बॅलन्स बघा आणि शर्टाच्या वरच्या खिशात एकटंच ठेवा. दादरला किंवा नाशिक फाट्याला पोचल्यावर गेटकडे जाण्याआधी काउंटरवर जायचं, शिल्लक विचारायची आणि कमी असेल तर तिथेच भरायची.