पाणी तपासायला देताय? आधी या चुका टाळा

मृगाचे दोन-चार पाऊस झाले की रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत एकच तक्रार ऐकू येते: नळाला गढूळ पाणी. मग कुणीतरी खिशातून टीडीएस मीटर काढतो, पेल्यात बुडवतो आणि जाहीर करतो, ‘साठ! एकदम फर्स्ट क्लास.’

चूक इथेच होते. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. जांभ्यातून पाझरलेल्या पाण्यात ते मुळातच कमी, त्यामुळे आपल्याकडे हा आकडा बहुतेक ठिकाणी छानच येणार. आयएस 10500 या भारतीय मानकात 500 मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंतचं पाणी बिनतक्रार बसतं. पण शौचालयाच्या शोषखड्ड्यातून विहिरीत उतरणारे जंतू मीटरला दिसत नाहीत आणि भोकाभोकांचा जांभा मैला अडवून धरत नाही. जंतूंच्या बाबतीत मानक कडक आहे: 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा मैल्यातला जंतू सापडताच कामा नये. मीटरचा खरा उपयोग खाडीकाठच्या विहिरींना. एप्रिल-मेमध्ये दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा. तो चढत गेला तर पाणी मचूळ होतंय हे जिभेच्या आधी कळेल. आरओ विकणारे दोन सळ्या पाण्यात सोडून ते काळं-पिवळं करून दाखवतात, त्यावर मात्र जाऊ नका. तो रंग बराचसा विरघळणाऱ्या लोखंडी सळीचा असतो.

नमुना बाटलीतच बिघडतो

जंतूंच्या तपासणीसाठी बिसलेरीची रिकामी बाटली विसळून नेणं ही सगळ्यांत मोठी चूक. तोंडाला लागलेली बाटली कितीही धुतली तरी अहवाल तुमच्या बाटलीचाच येणार. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा. ती विसळायचीही नाही, कारण क्लोरीनच्या पाण्यासाठीच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घातलेलं असतं. ते नसेल तर वाटेतही क्लोरीन जंतू मारत राहतो आणि नळाला घाण पाणी असूनही अहवाल स्वच्छ येतो.

नळाला जाळी किंवा रबरी नळी असेल तर काढा. तोंड पुसून घ्या. धातूचा नळ असेल तर पेटत्या बोळ्याने शेकवा. प्लॅस्टिकचा शेकवायला जाल तर वितळेल, तो स्पिरिटने पुसा. दोन-तीन मिनिटं पाणी सोडून द्या. मग झाकण हातातच धरून ठेवा, त्याच्या आतल्या बाजूला बोट लावू नका, कट्ट्यावर ठेवू नका. बाटली काठोकाठ भरू नका, थोडी हवा राहू द्या. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोचवा. 24 तासांच्या पुढे गेलेल्या नमुन्याला फारसा अर्थ नाही. म्हणून शनिवारी दुपारी नमुना घेऊन सोमवारी नेण्यात काहीच हशील नाही. तपासणी जिल्हा सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेतही होते. बाटलीवर तारीख, वेळ आणि ठिकाण लिहा.

पाणी नक्की कुठलं?

शीळ धरणाचं पाणी वाईट, धामापूरचं पाणी वाईट, असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. नमुना मात्र घेतलेला असतो गच्चीवरच्या टाकीच्या नळाचा, आणि त्या टाकीत तळाला दोन बोटं गाळ. एकाच वेळी दोन नमुने घ्या: एक थेट लाईनवरच्या नळाचा, दुसरा टाकीनंतरचा. पहिला चांगला आणि दुसरा वाईट आला तर नगरपरिषदेला शिव्या घालण्याआधी टाकी धुवा.

दोन्ही वाईट आले तर लाईनचा संशय घ्यायचा. आपल्याकडे पाणी ठरावीक वेळेला येतं. बाकी वेळ पाईप रिकामा असतो, आणि गटाराजवळ गळका सांधा असेल तर बाहेरचं पाणी आत शिरतं. पुरवठा सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं घाण आणि मग साफ, असं होत असेल तर हेच कारण असण्याची शक्यता जास्त. त्यात घरोघरी थेट लाईनला मोटर लावलेली असते. मोटर पाणी खेचते तशी गळतीतली घाणही खेचते. हे कुणाला ऐकायला आवडत नाही.

ओटीचा पिवळा रंग

ओटी म्हणजे ऑर्थोटोलिडिन. पाण्यात क्लोरीन असेल तर त्याने पिवळा रंग येतो. ही टेस्ट करायची ती लाईनच्या शेवटच्या घरात. टाकीखालच्या नळाला रंग आला म्हणजे शेवटच्या वाडीत क्लोरीन पोचला असं होत नाही. तिथे किमान 0.2 मिलिग्रॅम प्रति लिटर हवा. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकल्यावर अर्धा तास जाऊ द्या. रंग लगेच वाचा, गप्पा मारून आल्यावर नव्हे. तांबूस, लोहाच्या पाण्यात फसवा पिवळेपणाही येतो. आणि रंगच येत नसेल तर आधी टीसीएलची गोणी बघा. पावसाळी दमट हवेत तोंड उघडी राहिलेली पावडर भराभर दम सोडते. मग माप बरोबर असूनही क्लोरीन लागत नाही. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. तुरटी फिरवली म्हणून टीसीएल टाळू नका.

ग्रामपंचायतीला हिरवं कार्ड आहे म्हणून निर्धास्त राहणारेही भेटतात. ते कार्ड पाण्याच्या स्रोताभोवतीची स्वच्छता आणि व्यवस्था पाहून देतात. आजच्या हंड्याची हमी त्यात नाही.

तक्रार कशी करू नये

‘आमच्याकडे पाणी घाण येतं’ हा व्हॉट्सॲपवरचा मेसेज कुणी हाताळू शकत नाही. प्लंबरला लागतं ते एवढंच: कुठली गल्ली, कधीपासून, पुरवठ्याच्या सुरुवातीला की शेवटपर्यंत, वास कसला, शेजारच्या किती घरांत. हे लिहून अहवालाची प्रत जोडा, शहरात मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आणि गावात ग्रामपंचायतीत अर्ज द्या, पोच घ्या. घरात किंवा वाडीत जुलाब-उलट्या सुरू झाल्या असतील तर अहवालाची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा आशाताईंना कळवा आणि पाणी उकळून प्या.

अहवालात नुसतं ‘अयोग्य’ असेल तर कशामुळे ते विचारा. गढूळपणा जास्त असणं वेगळं, कोलाय सापडणं वेगळं. दुरुस्ती झाली की त्याच नळावरून, पाणी येण्याच्या त्याच वेळेला पुन्हा नमुना द्या आणि दोन्ही अहवाल पोचेसकट एकाच फाईलला लावून ठेवा.