बर्फाची रंगकांडी

उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी मुलं घरात कंटाळली की बर्फाने चित्रं काढू द्या. आदल्या रात्री बर्फाच्या ट्रेमध्ये रंगीत पाणी भरा: बीट किसून पिळलेला रस, पालकाचं गाळलेलं पाणी, हळदीचं पाणी. हळद तळाशी बसते, त्यामुळे ती कांडी एका टोकाला गडद होते. होऊ द्या, मुलांना तेच आवडतं. ट्रेवर फॉइल ताणून बसवा आणि त्यातून आइस्क्रीमच्या काड्या खोचा, म्हणजे त्या उभ्या राहतात.

फ्रीझरमधून काढल्यावर पाचेक मिनिटं थांबा. एकदम कडक बर्फ ओल्या बोटांना चिकटतो आणि कागदावर रंगही सोडत नाही. कागद जाड ड्रॉइंगचाच घ्या. वहीचं पान लगेच फाटतं. खाली जुनी चादर, अंगात जुना बनियन, कारण हळदीचा डाग सहजी जात नाही.

चित्र वाळल्यावर हळदीच्या पिवळ्यावर खायच्या सोड्याचं पाणी ब्रशने फिरवा, रंग तांबडा होतो. चुना घालून हळदीचं कुंकू करतात, त्यातलीच ही गंमत.

तीन वर्षांखालच्या मुलांना छोटे खडे नकोत, घशात अडकतात. त्यांच्यासाठी वाटीत मोठा गोळा गोठवा आणि शेजारी बसून राहा.