वर्षावनातलं छत: आधी जमीन बघा, मग वर

झाडांवरच्या माकडांचे, प्राण्यांचे फोटो काढायला वर्षावनात शिरलं की मान आपोआप वर जाते, आणि पहिली चूक तिथेच होते. पानांचं छत ३०-४० मीटर उंच. खालून नुसतं चाळत बसलात तर मान अवघडेल, हाती काही लागणार नाही. आधी पायाखाली बघा. कुरतडलेली फळं, ताजी विष्ठा, तुटलेली हिरवी पानं दिसली की वर कुणीतरी चरतंय किंवा नुकतंच चरून गेलंय. फळावरच्या चाव्याची कड अजून ओली असेल तर थांबा, सुकून तपकिरी पडली असेल तर पुढे चला. वड-उंबराच्या कुळातलं, फळांनी लगडलेलं झाड सापडलं तर मात्र भटकंती बंद. तिथेच सकाळचे दोन तास बसा.

मग कान आणि फांद्या. वारा अख्खं झाड डोलवतो. माकड एकच फांदी वाकवतं आणि ती झटक्यात परत वर येते. अशी फांदी दिसली की तिच्यावरची नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांना लावा. ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) पुरते. १०× हातात जास्त थरथरते.

बरोबर झाडाखालून फक्त पोट दिसतं. ३० मीटर उंचीवरच्या प्राण्याच्या झाडापासून ५० मीटर मागे सरकलात तर कॅमेऱ्याचा कोन ३० अंशांवर येतो. पण मध्ये पानं आडवी येतात. म्हणून नदीचा काठ, झाड पडून झालेली मोकळी जागा किंवा चढ गाठा. उतारावरच्या झाडाचा शेंडा चढावरून थेट डोळ्यांसमोर येतो.

खरी डोकेदुखी पांढऱ्या आकाशाची. कॅमेरा त्याला बिचकून फोटो गडद करतो, प्राण्याची काळी सावलीच उरते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +१ ते +२ ठेवा. आकाश जळलं, म्हणजे नुसतं पांढरं पडलं, तर जळू दे, चेहरा महत्त्वाचा. रॉमध्ये (कॅमेऱ्याची कच्ची, नंतर सुधारता येणारी फाइल) काढा. फोकसला एकच छोटा बिंदू, नाहीतर तो पुढच्या पानाला चिकटतो. तरीही चिकटला तर लेन्सची फोकस रिंग हाताने फिरवा. ४०० मिमी लेन्सवर हलत्या माकडाला निदान १/५०० सेकंद शटर लागतं, त्यासाठी आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) ३२०० किंवा त्याहून वर गेला तरी चालेल. दाणेदार फोटो सुधारता येतो, हललेला नाही. बसलेल्या प्राण्याला मोनोपॉडवर (एका पायाच्या स्टँडवर) १/१२५ निभावतं, पण लागोपाठ दहा-बारा काढा, त्यातला एखादा धारदार निघतो.

एसी खोलीतला कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते. पुसत बसू नका, ती पुन्हा धरते. निघण्याआधी अर्धा-पाऊण तास तो बंद बॅगेतच बाहेर ठेवा.